टोपी मिळणार नाही

रविवारी नेस्तान आली कोरड्या पुलावर, माझ्या ब्लँकेटपाशी.
हातात चौकटीची वही, वहीत मागण्या:
व्ह्यूफाइंडर झोर्कीचा,
दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येईल असा.
अंतर मोजणाऱ्या खिडक्या कीव्हच्या,
एकमेकींपासून ऐसपैस लांब.
आटोपशीरपणा फेदचा.
शिवाय मीटर. चालणारा.

मी म्हटलं, पोरी, तिन्ही कारखान्यांतली माणसं
एका टेबलाशी बसून प्यायली असती
तर झाला असता असा कॅमेरा.
ती बसली नाहीत.

हा कीव्ह घे. नेम याचा पक्का,
पण धरायला जाशील तर तुझंच बोट
त्या लांबच्या खिडकीवर येणार.
शटर धातूचं, आवाज पुस्तक मिटल्यासारखा,
आणि सगळा डोलारा दोन रेशमी फितींवर.
फीत तुटली की माझ्याकडे यायचं.
मी नसलो की कोणाकडे, ते मला माहीत नाही.

फेद गरीब. काही मागत नाही.
व्ह्यूफाइंडर मात्र किल्लीच्या भोकाएवढा,
लग्नाला गेलीस तर एका वेळी एकच पाहुणा दिसेल.

आणि हा झोर्की. आधी चावी भर, मग वेग बदल.
उलट केलंस तर आतले दात गेले.
मी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो,
प्रत्येक गिऱ्हाईक मान डोलावतं,
आणि माझं दुकान त्यावरच चालतं.

तिनं झोर्की डोळ्याला लावला.
मधल्या पिवळसर ठिपक्यात माझी दोन नाकं.
रिंग फिरवली, नाकं जवळ आली,
पण एक जरा वर, एक जरा खाली राहिलं.
‘हे जुळत नाही, एल्गुजा बाबा.’
स्क्रूड्रायव्हर खिशात असतोच. अर्धा वळसा.
‘आता?’ ‘आता एकच आहे. मोठं आहे.’

मग तिनं विचारलं: लेन्सची टोपी?
टोपी मिळणार नाही.
पुढच्या माणसाकडे आहे, सगळ्यांकडे आहे, माझ्याकडे नाही.

आईची सत्तरी होती, खाचापुरी ओव्हनमधून निघत होत्या.
मक्वाला, शेजारणीचा ब्रोच लावून, केस रंगवून.
छत्तीस फोटो काढले मी.
व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं लख्ख: ब्रोच, वाफ,
हसताना ती तोंडावर नेते तो हात.
बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी,
आणि लेन्सवर टोपी, पहिल्यापासून शेवटपर्यंत.
या यंत्राला ते सांगता येत नाही.
फिल्म धुतली तर काचेसारखी, आरपार.
तिच्यातून मला माझा बाथरूम दिसला.

सुधारणा लिहायचीच असेल तर ही लिही
की टोपी असताना यंत्रानं ओरडावं,
खोकावं, काहीही.
मीटर काय, ढगाकडे बघून सांगता येतं.

नेस्तान काही लिहीना. म्हणाली,
टोपी नसली तर ऊन लेन्समधून कापडी शटरला भोक पाडतं ना?
पाडतं. गळ्यात घालताना तोंड आत, कोटाकडे ठेव.
विसरलीस तर प्रत्येक फोटोत एक पांढरा ठिपका येईल.
येऊ दे. निदान फोटो तरी असेल.

साठ लारी म्हटलं, पंचावन्न दिले.
जाता जाता वळून माझ्यावरच रोखला.
एका मीटरच्या आत याला दिसत नाही,
म्हणून ती मागे सरली, एक पाऊल, अजून एक,
आणि त्सियालाच्या चिनीमातीत टाच.
निळी बशी, पोर्सिलेनची, गेली.

त्सियाला उठून उभी, हात कमरेवर,
तोंड उघडलेलं. त्याच क्षणी शटर वाजलं.
वेग आधी बदलला की चावी आधी भरली,
मी पाहिलं नाही.
बशीचे पाच लारी मीच दिले.